गप्प कावळ्याची साक्ष

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी कबुतरांना वैतागून बाल्कनीत प्लॅस्टिकचं घुबड आणून बसवलं. पिवळे डोळे, वाऱ्यावर हलणारी मान. चार दिवस कबुतरं फिरकली नाहीत. पाचव्या दिवशी एक जण समोरच्या कठड्यावर बसून बराच वेळ बघत राहिला. आठवड्याभरात तो घुबडाच्या डोक्यावर बसायला लागला. शेवटी काकूंनी जाळी लावून घेतली.

त्याच सुमारास मी इंग्लंडमधल्या कबुतरांच्या शिकारीबद्दल वाचत होते. तिथले शिकारीही शेतात प्लॅस्टिकचे पक्षी घेऊन जातात, पण ते कबुतरांना हाकलायला नाही, बोलवायला. त्यांच्या पोत्यात कबुतरांचे दहा-पंधरा पुतळे असतात, आणि बऱ्याचदा एक कावळाही असतो. मला प्रश्न पडला, कबुतरांना बोलवायला कावळा कशाला?

पक्ष्यांना पळवून लावणाऱ्या सोंगाला आपल्याकडे बुजगावणं म्हणतात. पक्ष्यांना खाली उतरवणाऱ्या सोंगाला इंग्रजीत डिकॉय म्हणतात. बुजगावण्याच्या उलट म्हणून या लेखापुरतं त्याला 'बोलावणं' म्हणायलाही माझी हरकत नाही. पण हे बोलावणं कुणाचं, कुणासाठी आणि कशाच्या जोरावर, हे समजून घ्यायचं तर आधी त्या शेतात जायला हवं.

वाटाण्याच्या शेतातला सापळा

इंग्लंडमधलं वुडपिजन आपल्या पारव्यापेक्षा थोराड असतं. मानेवर पांढरा डाग, आणि उडताना पंखांवर ठळक दिसणारा पांढरा पट्टा. वाटाणा, धान्य, क्लोव्हरचा पाला, रेपसीडची कोवळी पानं हे त्याचं खाणं. ब्रिटनमध्ये त्याच्या काही दशलक्ष जोड्या आहेत आणि शेतकऱ्याच्या लेखी तो पिकाचा शत्रू आहे.

शिकारी आधी थवा कुठे उतरतो ते दुर्बिणीतून पाहून ठेवतो. मग कुंपणाच्या झुडपाला टेकून जाळीचा आडोसा उभारतो. त्याच्यापासून वीस-पंचवीस मीटरवर पुतळे मांडतो. मांडणी बहुतेक वेळा घोड्याच्या नालेसारखी असते. मध्ये मोकळी जागा सोडलेली, कारण वरून येणारं कबुतर तिथेच उतरायला बघतं. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात आणि बसतात, म्हणून बहुतेक पुतळ्यांची तोंडंही साधारण वाऱ्याकडे. माना खाली हव्यात. खाली घातलेली मान म्हणजे 'इथे खायला आहे, भीती नाही'. सगळ्यांच्या माना ताठ वर असतील तर त्याचा अर्थ नेमका उलटा होतो.

आणि या सगळ्यापासून जरा बाजूला, उघड्यावर, एक कावळा.

कावळा कबुतराचा मित्र नाही. संधी मिळाली तर तो कबुतराची अंडी आणि पिल्लं खातो. पण तो शेतातला सगळ्यात संशयी पक्षी आहे. माणूस दिसला, बंदुकीची नळी चमकली, जाळीत काही हललं, की तो आधी उठतो. म्हणून कावळा निवांत बसलेला दिसला तर आसपास धोका नसावा, असा हिशोब शिकाऱ्याच्या मते कबुतर करतं. अशा पुतळ्याला शिकाऱ्यांच्या भाषेत भरवशाचा पुतळा म्हणतात. अमेरिकेत बदकांच्या शिकारीत हेच काम बगळ्याच्या किंवा सीगलच्या लाकडी पुतळ्याने केलं. बगळाही तसाच, चटकन बिचकणारा.

म्हणजे कबुतराचा पुतळा भूक चाळवतो, आणि कावळ्याचा पुतळा शंका मिटवतो.

राग, कुतूहल, भरवसा

एका जातीचा पक्षी धरायला दुसऱ्या जातीचा प्राणी वापरायचा ही युक्ती जुनी आहे. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की दिवसा घुबड दिसलं की छोटे पक्षी त्याच्याभोवती जमून त्याला टोचतात, आणि पारधी घुबडाचा उपयोग करून त्या पक्ष्यांना पकडतात. आपल्या गावात चिंचेच्या झाडावर पिंगळा दिसला की बुलबुल, साळुंक्या आणि कोतवाल कसा कालवा करतात, हे पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. भारतातही पिंगळा बांधून लहान पक्षी धरले गेले आहेत. आज तो गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली, तिच्यात आमिष दाखवणंही येतं. इथे पक्ष्याला त्याचा राग खेचून आणतो.

हॉलंडमध्ये कुतूहल वापरलं गेलं. तळ्याला जोडून वाकड्या, निमुळत्या होत जाणाऱ्या चाऱ्या खणायच्या आणि वरून जाळीने झाकायच्या. चारीच्या काठाने बोरूच्या तट्ट्या तिरक्या उभ्या करायच्या. मग एक छोटा, तांबूस, झुबकेदार शेपटीचा कुत्रा तट्टीमागून दिसे, लपे, पुढच्या तट्टीमागून पुन्हा दिसे. कोल्ह्यासारखा प्राणी लांब जाताना दिसला की बदकं पळून जात नाहीत, त्याच्यावर नजर ठेवत मागे जातात. अशी ती चारीच्या टोकापर्यंत पोहत जात आणि जाळ्यात सापडत. गोळीचा आवाज नाही, त्यामुळे तळ्यावरच्या बाकीच्या बदकांना पत्ताही नाही. 'डिकॉय' हा शब्द डच भाषेतल्या पिंजऱ्याच्या शब्दावरून आला असं मानतात. सतराव्या शतकात ही पद्धत इंग्लंडात रुजली. बकिंगहॅमशायरमधल्या बोरस्टॉल इथे त्या काळातलं एक तळं आजही जपून ठेवलं आहे.

निव्वळ पुतळे तर याहून कितीतरी जुने. 1924 साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लव्हलॉक गुहेत उत्खननात पाणगवत वळून केलेली अकरा बदकं सापडली. काहींवर रंग होता, काहींवर खरी पिसं बांधलेली होती. त्यांचं वय सुमारे दोन हजार वर्षं. करणाऱ्याला कॅनव्हासबॅक नावाचं बदक इतकं नीट माहीत होतं की आजही ती जात ओळखता येते.

राग आणि कुतूहल यांच्या जोरावर पक्षी ओढून आणता येतो. भरवशाची गोष्ट वेगळी आहे. तिथे पक्षी दुसऱ्या पक्ष्याच्या सावधपणावर विसंबून स्वतःचा सावधपणा सोडतो.

पंचतंत्रातला कावळा

हे वाचताना मला पंचतंत्र आठवलं. चित्रग्रीव कबुतराची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. पारध्याने तांदळाचे दाणे टाकले, थवा उतरला, जाळ्यात अडकला, सगळे मिळून जाळ्यासकट उडाले आणि हिरण्यक उंदराने जाळं कुरतडलं. एकीचं बळ वगैरे. पण त्या गोष्टीच्या सुरुवातीला वडाच्या झाडावर एक कावळा आहे, लघुपतनक. पारध्याला तो सगळ्यात आधी पाहतो. झाडावरच्या पक्ष्यांना तो सावध करतो आणि ते दाण्यांकडे फिरकत नाहीत. पंचतंत्राच्या एका प्रसिद्ध पाठात तो चित्रग्रीवालाही अडवतो, तरी चित्रग्रीव खाण्याच्या लोभाने खाली उतरतो.

म्हणजे ही गोष्ट रचणाऱ्याला शेतातला हा कारभार ठाऊक होता: माणूस दिसला की कावळा बोलतो. इंग्लंडमधल्या शिकाऱ्याला तेच ठाऊक आहे, फक्त त्याने कावळा प्लॅस्टिकचा केला. जो बोलू शकत नाही, तो धोक्याची सूचना कशी देणार? आणि कबुतर त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ 'सगळं ठीक आहे' असा लावतं.

साडेपाचशे कबुतरं आणि एक हिशोब

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये कबुतरांची शिकार हा काहींचा पूर्णवेळ धंदा झाला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव आर्ची कोट्स. हा निवृत्त मेजर हॅम्पशायरमध्ये शेतकऱ्यांसाठी कबुतरं मारत असे. जानेवारी 1962 मध्ये त्याने एका दिवसात एकट्याने 550 वुडपिजन मारले. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं आणि पुतळे मांडण्याची कला दोन पिढ्या त्यातून शिकल्या. सरकारचाही याला पाठिंबा होता. पिकं वाचवायची म्हणून कबुतरांसाठीच्या काडतुसांवर अनुदान मिळत असे.

याच काळात रॉन मर्टन आणि त्याचे सहकारी केंब्रिजशायरमधल्या कार्लटन गावच्या शेतांत वर्षानुवर्षं कबुतरं मोजत होते. त्यांनी काढलेला निष्कर्ष शिकाऱ्यांना आवडणारा नव्हता. हिवाळ्यात किती कबुतरं जगणार हे क्लोव्हरचा पाला किती उरलाय यावर ठरत होतं. थंडीत उपासमारीने जितकी मरणारच होती, त्यांतलीच काही बंदुकीने मरत होती. मेलेल्यांच्या वाट्याचं खाणं उरलेल्यांना मिळे आणि वसंतात संख्या जवळपास तीच राही. अनुदान पुढे बंद झालं. 1970 च्या दशकापासून शेतकरी रेपसीड जास्त पेरू लागले. भर हिवाळ्यात हिरवा पाला मिळू लागल्यावर कबुतरांची उपासमार संपली आणि संख्या वाढली. पुतळे, कावळा, काडतुसं यांनी जे ठरलं नाही, ते पेरणीने ठरलं.

पुतळ्यांचाही अभ्यास झाला. इंग्लिस आणि आयझॅक्सन या दोघांनी 1984 मध्ये वेगवेगळ्या ढंगांत ठेवलेल्या कबुतरांना थवा काय प्रतिसाद देतो हे प्रसिद्ध केलं. त्यांना बोलावणं नको होतं, चांगलं बुजगावणं हवं होतं. पंख पसरून पांढरे पट्टे दाखवणारं कबुतर जमिनीवर दिसलं की बाकीचे उतरायला बिचकतात, हे त्यातून पुढे आलं. पंख मिटलेलं कबुतर बोलावतं, पसरलेलं घालवतं. पुतळा एकच, फरक काही इंचांच्या पांढऱ्या पट्ट्याचा. काकूंच्या घुबडाला हे जमलं नाही, कारण ते रोज त्याच जागी, त्याच ढंगात, काहीही न करता बसलेलं होतं.

या शिकारीचा कायदाही वादात सापडला. इंग्लंडमध्ये कबुतर, कावळे वगैरे मारायला सर्वसाधारण परवाने असत. प्रत्येकाला वेगळा अर्ज करावा लागत नसे. 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेने त्यांना कायदेशीर आव्हान दिलं आणि एप्रिल 2019 मध्ये असे तीन परवाने एकदम मागे घेतले गेले. शेतकरी आणि शिकारी खवळले, पुढे नव्या अटींचे परवाने आले. पीक वाचवायला मारतो की हौस म्हणून मारतो, हा प्रश्न तेव्हापासून उघडपणे विचारला जातो.

डोळे शिवलेलं कबुतर

इंग्लंडचं वुडपिजन या सगळ्यातून तगलं. अटलांटिकच्या पलीकडचं पॅसेंजर पिजन तगलं नाही. उत्तर अमेरिकेत त्यांचे थवे आकाश झाकून टाकत. त्यांना जाळ्यात उतरवायला पारधी एक जिवंत कबुतर घेई, त्याचे डोळे शिवून टाकी आणि त्याला एका उंचावलेल्या पाटावर बांधी. दोरी ओढली की पाट खाली-वर होई आणि बिचारं कबुतर तोल सावरायला पंख फडफडवी. वरून जाणाऱ्या थव्याला वाटे, आपल्यातलं कुणीतरी उतरतंय. इंग्रजीत 'स्टूल पिजन' म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, हा वाक्प्रचार अशा बांधलेल्या कबुतराशीच जोडला जातो. खरं तर त्या कबुतराने कुणाचीच खबर दिली नव्हती. त्याला काही दिसतच नव्हतं.

तार आणि रेल्वे आल्यावर घरट्यांची वसाहत कुठे बसली याची बातमी पारध्यांना लगेच मिळू लागली आणि मारलेली कबुतरं पिंपांत भरून शहरांत जाऊ लागली. जंगलंही तुटत गेली. 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची शेवटची मादी मेली. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी जिवंत पक्षी बांधून ठेवण्यावर बंदी आली ती 1935 मध्ये.

बेटावर परतलेले

याच अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ईस्टर्न एग रॉक नावाचं छोटं बेट आहे. शिकारीमुळे तिथले पफिन एकोणिसाव्या शतकातच संपले होते. 1973 पासून स्टीफन क्रेस आणि त्याच्या साथीदारांनी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधून पिल्लं आणून तिथे वाढवायला सुरुवात केली. वाढलेली पिल्लं समुद्रावर निघून गेली. ती परत यावीत म्हणून 1977 मध्ये खडकांवर पफिनचे लाकडी पुतळे उभे केले. पुतळे तेच, शिकाऱ्यांच्या परंपरेतले. पक्षी आले, पुतळ्यांशेजारी बसले, पण घरटी करेनात.

पफिनला हवा होता शेजार. सुरय पक्षी घरट्याच्या बाबतीत भांडखोर असतात. अंडी खाणाऱ्या सीगलवर तुटून पडतात. म्हणून सुरयांचेही पुतळे मांडले, त्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवलं. 1980 मध्ये सुरय बेटावर परतले. पुढच्या वर्षी, 1981 मध्ये, पफिनने तिथे पुन्हा घरटी केली.

इंग्लंडच्या शेतातला कावळा आणि मेनच्या खडकावरचा सुरय यांच्या पुतळ्यांमागे एकच जाण आहे: पक्षी नुसता आपल्या जातीकडे बघून जगत नाही, शेजाऱ्याच्या डोळ्यांनीही बघतो. ही जाण शिकाऱ्याने शेकडो वर्षं पक्ष्यांकडे टक लावून बघत कमावली. एका ठिकाणी तिच्यामागे बंदूक होती. दुसऱ्या ठिकाणी खोटे सुरय मांडले, आणि त्यांच्या शेजारी खरे येऊन बसले.

काकूंचं घुबड अजून बाल्कनीत आहे, जाळीच्या आत. परवा जाळीबाहेरच्या पाइपवर एक कावळा बसला होता. दोन कबुतरं त्याच्याजवळ येऊन बसली. मग खाली वॉचमनने काठी आपटली, कावळा ओरडून उडाला, आणि कबुतरं त्याच्या मागोमाग गेली.