स्कायलाइन ड्राइव्हवरील सायकल भ्रमण

स्कायलाइन ड्राइव्ह हा अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानातून, ब्लू रिज पर्वतरांगेच्या माथ्यावरून जाणारा १०५ मैलांचा (सुमारे १६९ किमी) रस्ता आहे. तो उत्तरेस फ्रंट रॉयल येथे सुरू होऊन दक्षिणेस रॉकफिश गॅप येथे संपतो. तंबू व शिधा सायकलवर लादून येथे एकट्याने मुक्कामी प्रवास करता येतो.

या रस्त्यावर सपाटी जवळजवळ नाहीच. खिंडीत उतरायचे आणि पुन्हा चढायचे, हा क्रम शेवटपर्यंत चालतो. ओझे वाटून घेण्यास सोबती नसल्याने तंबू, चूल, अवजारे व पाणी हे सारे एकाच सायकलवर येते. मुक्कामाची मैदाने मॅथ्यूज आर्म (मैल २२), बिग मेडोज (५१), लुइस माउंटन (५७) आणि लॉफ्ट माउंटन (७९) येथे आहेत. हिवाळ्यात ती बंद असतात. पहिल्या दोहोंमधील टप्पा सर्वांत कसोटीचा म्हणावा लागेल. मेरीज रॉक बोगदा आणि स्कायलँडजवळील ३,६८० फुटांचा सर्वोच्च बिंदू याच टप्प्यात येतात. बोगद्यात, धुक्यात व रात्री सायकलला पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा अथवा परावर्तक असणे बंधनकारक आहे. पायवाटांवर सायकलींना मनाई आहे.

उद्यानात काळी अस्वले आहेत. मोटारीने आलेला प्रवासी शिधा गाडीत कुलूपबंद करतो. सायकलस्वाराला ती सोय नाही. त्याला तो तंबूपासून दूर, अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत ठेवावा किंवा उंच टांगावा लागतो. दिवसभराच्या चढणीनंतर हे काम टाळण्याचा मोह होतो, परंतु मानवी अन्नाला चटावलेले अस्वल पुढच्या प्रवाशासही धोक्याचे ठरते.