हीम प्रथिने व नायट्राइट

हीम प्रथिने व नायट्राइट : धातूच्या अणूभोवती ठराविक संख्येने अणू वा अणुगट बद्ध होऊन जटिल संयुगे बनतात, ही उपपत्ती आल्फ्रेट व्हेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडली. त्याच सुमारास डॅनिश रसायनशास्त्रज्ञ एस. एम. यर्गेन्सन यांनी संघटन एकच, पण रंग भिन्न असलेली कोबाल्टाची दोन संयुगे अभ्यासिली. पिवळ्यात नायट्राइट आयन नायट्रोजनाद्वारे, तर तांबड्यात ऑक्सिजनाद्वारे धातूशी बद्ध असतो.

हाच प्रश्न पुढे हीम प्रथिनांबाबत उपस्थित झाला. मायोग्लोबिनातील लोहाची चार स्थाने पॉर्फिरीन वलयातील नायट्रोजनांनी व पाचवे हिस्टिडिनाने व्यापलेले असते. सहाव्या स्थानी ऑक्सिजन, नायट्राइट इ. बद्ध होतात. साध्या लोह-पॉर्फिरिनांत नायट्राइट सामान्यतः नायट्रोजनाद्वारे बद्ध होतो. घोड्याच्या मायोग्लोबिनात मात्र तो ऑक्सिजनाद्वारे बद्ध असल्याचे २००६ मध्ये क्ष-किरण स्फटिक अभ्यासाने दिसून आले. लगतच्या दुसऱ्या हिस्टिडिनाशी होणारा हायड्रोजन बंध यास कारणीभूत असतो. त्याजागी व्हॅलीन आणल्यास बंध नायट्रोजनाद्वारे होतो.

ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन नायट्राइटापासून रक्तवाहिन्या प्रसरण पावविणारे नायट्रिक ऑक्साइड तयार करू शकते. त्यामुळे या बंधाच्या अभ्यासाला वैद्यकीय महत्त्व प्राप्त झाले आहे.