त्वचारोपणोत्तर गुंतागुंत : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना
शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा 'पहिल्या यशस्वी' शस्त्रक्रियांच्या क्रमाने मांडला जातो. त्वचारोपणाच्या बाबतीत मात्र फसलेल्या रोपणांच्या चिकित्सेतून ज्ञानाची मोठी वाढ झाली. प्रस्तुत लेखात निवडक टप्प्यांच्या आधारे या प्रक्रियेचा आढावा घेतला आहे.

पदर आणि कलम
लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये कावसजी या बैलगाडीवानाच्या पुणे येथील नासिका-पुनर्रचनेचे वर्णन छापले. टिपूच्या कैदेत त्याचे नाक कापले गेले होते. कपाळाच्या त्वचेचा पदर वळवून ते नव्याने घडविण्यात आले. असा पदर देठाने मूळ जागी जोडलेला राहत असल्याने त्याचा रक्तपुरवठा तुटत नाही. मुक्त कलम मात्र शरीरापासून पूर्णतः विलग होते. १८६९ मध्ये पॅरिस येथे रेव्हर्दँ यांनी त्वचेचे सूक्ष्म तुकडे व्रणावर रुजविले. पुढे ओलिए (१८७२), थीर्श (१८७४) व वुल्फ (१८७५) यांनी अधिक मोठी वा जाड कलमे वापरली.

गुंतागुंतीचे स्वरूप
प्रारंभीचे एक-दोन दिवस कलम व्रणातून पाझरणाऱ्या द्रवावर तगते. त्यानंतर नव्या रक्तवाहिन्यांशी त्याचा संबंध जुळतो. या काळात कलमाखाली रक्त वा लस साचली, कलम सरकले अथवा जंतुसंसर्ग झाला, तर ते मृत होते. म्हणूनच दाब देणारी मलमपट्टी व अवयवाची निश्चलता यांना महत्त्व आले. टॅनर व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या जाळीदार कलमामुळे थोड्या त्वचेत मोठा व्रण झाकता येऊ लागला आणि छिद्रांतून द्रवाला वाटही मिळाली.

दुसरी गुंतागुंत उशिरा प्रकटते. पातळ कलम सहज रुजते, परंतु पुढे अधिक आकसते. जाड कलम कमी आकसते, परंतु रुजण्यास कठीण असते. मानेवर वा सांध्यावर असे आकुंचन झाल्यास हालचाल खुंटते. रुग्णालयातून घरी जाताना 'यशस्वी' ठरलेला रुग्ण काही महिन्यांनी अपंग होऊ शकतो.

परक्या त्वचेचा प्रश्न
दुसऱ्या व्यक्तीची त्वचा आरंभी रुजल्यासारखी दिसे व नंतर नष्ट होई. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगो येथे गिब्सन व मेदावर यांनी एका भाजलेल्या स्त्रीवर तिच्या भावाच्या त्वचेची कलमे दोनदा लावली. दुसऱ्या वेळी ती अधिक त्वरेने नष्ट झाली. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून अस्वीकृती ही प्रतिकारशक्तीची क्रिया असल्याचे सूचित झाले. मेदावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक बर्नेट यांच्यासमवेत मिळाले. अस्वीकृती अटळ असली, तरी मृत दात्याची त्वचा तात्पुरते आच्छादन म्हणून प्राणरक्षक ठरते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये सुरू झालेली त्वचापेढी याच तत्त्वावर उभी आहे.

निष्कर्ष
कलम रुजणे हा शस्त्रक्रियेच्या यशाचा एक निकष होय. रुग्णाची मान वळणे, हाताची मूठ मिटणे हा दुसरा. पहिल्याची नोंद शल्यगृहात होते, दुसऱ्याची दीर्घ पाठपुराव्यानेच होऊ शकते. वैद्यकाच्या इतिहासलेखनाने या दुसऱ्या निकषालाही स्थान दिल्याशिवाय ते रुग्णाचा इतिहास ठरणार नाही.