डोळे चांगले, तरी मुलाला नीट का दिसत नाही? जाणून घ्या 'सीव्हीआय'

बाळाला जन्मताना प्राणवायू कमी पडला, ते वेळेआधी जन्मले किंवा पहिल्या दिवसांत त्याच्या रक्तातील साखर फार खाली गेली, तर मेंदूला इजा होऊ शकते. अशा काही मुलांना पुढे नीट दिसत नाही, पण डोळे तपासले तर बहुतेकदा त्यात फारसा दोष सापडत नाही. या अवस्थेला सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट म्हणजेच सीव्हीआय म्हणतात.

नेमके काय बिघडते?

डोळा चित्र टिपतो, त्याचा अर्थ मेंदू लावतो. मेंदूच्या मागच्या भागातून ही माहिती दोन वाटांनी पुढे जाते. एक वाट वस्तू आणि चेहरे ओळखते, तर दुसरी वस्तू कुठे व किती दूर आहे ते सांगते. इजा कुठे झाली, त्यावर अडचण ठरते. साखर कमी झाल्यास अनेकदा मेंदूच्या मागच्या भागाला धक्का बसतो. वेळेआधी जन्मलेल्या काही मुलांना नजरेच्या खालच्या भागातले कमी दिसते, त्यामुळे ती पायऱ्यांवर अडखळतात.

लक्षणे कोणती?

- तीन महिन्यांनंतरही बाळ नजरेला नजर देत नाही
- दिव्याकडे किंवा पंख्याकडे एकटक पाहते
- वस्तू घेताना नजर दुसरीकडे वळवते
- गर्दीत आईला आवाजावरूनच ओळखते
- सुटे अक्षर वाचते, पण भरगच्च पानावर गोंधळते
- सकाळी दिसते, दमल्यावर तेच दिसत नाही

शेवटच्या लक्षणामुळे मूल 'हट्टी' किंवा 'लक्ष न देणारे' ठरते आणि ओरडा खाते. प्रत्यक्षात ते मुद्दाम करत नसते.

घरी काय करता येईल?

एका वेळी एकच खेळणे द्या, तेही साध्या, एकरंगी चादरीवर. लाल-पिवळ्यासारखे ठळक रंग वापरा. टीव्ही बंद ठेवा. वस्तू दाखवल्यावर थांबा, मुलाला वेळ द्या. पायऱ्यांच्या कडांना रंगीत पट्टी लावा.

मदत कुठे मिळेल?

आधी बालरोगतज्ज्ञ आणि मुलांचे नेत्रतज्ज्ञ गाठा. जन्मावेळची कागदपत्रे सोबत न्या. नवी मुंबईत महापालिकेचे वाशी येथील ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचे काम करते. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते.

लहान वयात मेंदू नव्या वाटा शिकू शकतो. म्हणून 'डोळे चांगले आहेत' एवढ्यावर थांबू नका. मूल पाहते कसे, हेही डॉक्टरांना सांगा.