सुपरमॅनने दरवाजा तोडला, पण सही गव्हर्नरचीच लागली

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. सुपरहिरो गुन्हेगाराला पकडतो, खांबाला बांधतो आणि उडून जातो. पुढे त्या माणसाचं काय होतं? पुरावे, साक्षीदार, वकील, खटला? कॉमिक्समध्ये ही पानं बहुतेक वेळा नसतातच. असं का, याचा शोध घ्यायला थोडं मागे जाऊया.

साल १९३८. अमेरिकेत महामंदीचे दिवस. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. पहिल्याच गोष्टीत एका निरपराध बाईला मृत्युदंड होणार आहे, हातात काही मिनिटं उरलीत. सुपरमॅन खऱ्या खुनी बाईला बांधून आणतो आणि गव्हर्नरच्या घरातला पोलादी दरवाजा तोडून आत घुसतो. पण गंमत बघा, तो तुरुंग फोडत नाही! तो गव्हर्नरच्या हातात कबुलीजबाब ठेवतो. शिक्षा थांबते ती गव्हर्नरच्या फोनमुळे. म्हणजे व्यवस्था चुकते, पण दुरुस्त करण्याचा अधिकारही तिच्याकडेच आहे, असं ही गोष्ट सांगते.

बॅटमॅन १९३९ मध्ये आला, तेव्हा पोलीस त्याच्याही मागे होते. १९४१ मध्ये मात्र कमिशनर गॉर्डनने त्याला पोलीस दलाचा मानद सदस्य करून टाकलं. कालचा फरार, आज सरकारी माणूस!

मग आलं १९५४. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, असं मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांनी पुस्तक लिहून मांडलं. सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या. सरकारने बंधनं घालण्याआधी प्रकाशकांनी स्वतःच नियमावली बनवली, ती म्हणजे ‘कॉमिक्स कोड’. त्यातले दोन नियम आपल्या कामाचे. एक, पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. दोन, प्रत्येक वेळी चांगल्याचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे.

आता लॉजिक लावून बघा. न्यायाधीश चुकू शकत नाही, गुन्हेगार सुटू शकत नाही. आउटपुट आधीच फिक्स! मग खटला दाखवायचा कशाला? कोर्टाचा मान राखायला केलेल्या नियमाने गोष्टीतलं कोर्टच रिकामं करून टाकलं, असं मला वाटतं. निरपराध बाईला मृत्युदंड होतोय, ही सुपरमॅनची पहिली गोष्टसुद्धा या नियमात अडखळली असती.

१९६४ मध्ये डेअरडेव्हिल आला. मॅट मर्डॉक दिवसा वकील. पण त्यालाही वडिलांच्या खुनाचा न्याय मिळवायला कोर्टाबाहेर, मास्क घालूनच जावं लागलं.

१९७१ मध्ये कोड थोडा सैल झाला. भ्रष्ट अधिकारी दाखवता येऊ लागले, पण अपवाद म्हणून, आणि शेवटी त्यांना शिक्षा हवीच. मग १९७४ मध्ये स्पायडरमॅनच्या अंकात आला पनिशर. पोलीस तोच, न्यायाधीश तोच, जल्लादही तोच. आज त्याची कवटी टी-शर्टवर मिरवणारे खूप आहेत. पण त्या पहिल्या अंकात तो कोणाला मारायला निघाला होता, माहितीये? स्पायडरमॅनला! कोणीतरी कान भरले आणि याने निकाल देऊन टाकला. दुसरी बाजू ऐकलीच नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. १९३८ मध्ये कोर्ट चुकलं, तेव्हा निदान दाद मागायला एक दार होतं, मग ते तोडावं लागलं तरी. १९७४ मध्ये एकटा माणूस चुकला, तर अपील करायचं कोणाकडे?

२०११ मध्ये उरलेल्या प्रकाशकांनीही कोड सोडला. आता लेखकांना मोकळीक आहे. तरी हिरो गुन्हेगाराला खांबाला बांधून गेला की आपण टाळ्या वाजवतो. पुढच्या वेळी वाजवा खुशाल, फक्त एवढंच विचारा: हा माणूस चुकून पकडला गेला असेल, तर त्याचं ऐकणार कोण?

तुमच्या आवडत्या हिरोने कधी चुकीचा माणूस धरलाय का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!