मॅश-तापमान नियंत्रण

मॅश-तापमान नियंत्रण : बिअर तयार करताना भरडलेले माल्ट (मोड आणून वाळविलेले बार्लीचे धान्य) गरम पाण्यात कालवून ते मिश्रण सु. एक तास ठराविक तापमानास ठेवतात. या क्रियेस मॅशिंग व त्या दाट मिश्रणास मॅश म्हणतात. या अवधीत माल्टातील एंझाइमे धान्यातील स्टार्चाचे शर्करांमध्ये रूपांतर करतात [⟶ एंझाइमे] आणि वर्ट हा गोड द्रव मिळतो. यीस्टच्या साहाय्याने त्याचे किण्वन केले म्हणजे बिअर तयार होते. बीटा ॲमिलेज हे एंझाइम ६०°–६५° से. ला उत्तम कार्य करते व ७०° से. च्या आसपास झपाट्याने नष्ट होते. अल्फा ॲमिलेज ७०°–७५° से. पर्यंत क्रियाशील राहते. पहिल्यामुळे यीस्टला सहज पचणारी माल्टोज शर्करा, तर दुसऱ्यामुळे यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिनेही मोठ्या प्रमाणात तयार होतात. म्हणून ६३° से. ला केलेल्या मॅशपासून कोरडी व अधिक मद्यांशाची, तर ६९° से. ला केलेल्या मॅशपासून भरीव व गोडसर बिअर मिळते. धान्य तेच, यीस्ट तेच. केवळ पाच-सहा अंशांच्या फरकाने पेय बदलते. त्यामुळे तापमान स्थिर ठेवणे हा या व्यवसायातील जुना व कळीचा प्रश्न आहे.

तापमापक वापरात येण्यापूर्वी हा प्रश्न दोन रीतींनी सोडविला जाई. इंग्लंडमध्ये पाणी उकळून पिंपात ओतत व वाफ ओसरून पाण्याच्या पृष्ठभागावर आपला चेहरा स्पष्ट दिसू लागेपर्यंत थांबत. मग त्यात माल्ट घालत. काही जण बोट बुडवून पाण्याचा चटका अजमावीत, तर काही उकळत्या व थंड पाण्याचे ठराविक प्रमाण पाळीत. थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत या खुणा सारख्या लागू पडत नसत व नासलेल्या मालाचा दोष बहुधा हवेला किंवा धान्याला दिला जाई.

बव्हेरिया व बोहीमिया या प्रदेशांतील रीत अधिक भरवशाची होती. तेथे कोमट मॅशचा सु. एक-तृतीयांश भाग वेगळा काढून उकळीत आणि तो परत मूळ मॅशमध्ये मिसळीत. पाणी ठराविक तापमानासच उकळत असल्याने प्रमाण सांभाळले की मिश्रणाचे तापमान दर वेळी जवळजवळ तेवढेच वाढे. हीच कृती दोन-तीनदा करून मॅश सु. ३५° से. पासून ७५° से. पर्यंत टप्प्याटप्प्याने नेता येई. या पद्धतीत मापपात्र हेच तापमापकाचे काम करी, असे म्हणता येईल. ती वेळखाऊ व सरपणखाऊ असली, तरी शास्त्रीय उपकरणांवाचून शतकानुशतके टिकली, यावरून तिची मूळ कल्पना किती पक्की होती हे दिसते.

लंडनमधील मद्योत्पादक मायकेल कोम्ब्रून यांनी ॲन एसे ऑन ब्रूइंग (१७५८) व द थिअरी अँड प्रॅक्टिस ऑफ ब्रूइंग (१७६२) या ग्रंथांद्वारे फॅरनहाइट तापमापकाचा पुरस्कार केला. त्यांची रासायनिक उपपत्ती आज टिकणारी नाही. परंतु धान्य व पाणी यांच्या मिश्रणाचे तापमान आधीच गणिताने काढता येते, हा त्यांचा आग्रह योग्य होता. माल्टाची विशिष्ट उष्णता (एकक वस्तुमानाचे तापमान १° से. ने वाढविण्यास लागणारी उष्णता) पाण्याच्या सु. ०·४ पट असते. त्यावरून २०° से. तापमानाच्या ५ किग्रॅ. माल्टात १५ लि. पाणी घालून ६६° से. चा मॅश हवा असल्यास पाणी सु. ७२° से. चे घ्यावे लागते. भांडे तापण्यात जाणारी उष्णता यात धरलेली नाही. जुन्या कारागिरांना मात्र हे काचेचे उपकरण म्हणजे आपल्या अनुभवाचा उपमर्द वाटे. हँपशरमधील आल्टन येथील जेम्स बॅव्हरस्टॉक यांना आपला तापमापक वडिलांच्या नकळत वापरावा लागला. अखेर हा वाद तत्त्वापेक्षा पैशाने मिटला. इंग्लंडमध्ये १८८० पर्यंत माल्टावर कर होता आणि कर भरलेल्या धान्यातून मिळेल तेवढा अर्क काढून घेणे मोठ्या कारखान्यांना भाग होते. म्यूनिकचे गाब्रिएल झेडलमायर व व्हिएन्नाजवळील श्वेखाटचे आंटोन ड्रेअर यांनी १८३३ च्या सुमारास ब्रिटनमधील कारखाने पाहिले. पोकळ काठीतून किण्वनातील द्रवाचे नमुने गुपचूप काढण्यापर्यंत त्यांची जिज्ञासा गेली होती. तेथील मापनपद्धती त्यांनी स्वदेशी रुजविल्या. त्याच वर्षी पायेन व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टापासून डायास्टेज वेगळे केले आणि ज्यासाठी तापमान सांभाळावयाचे ते द्रव्य प्रथमच हाती आले.

घरगुती मद्यनिर्मितीच्या वाट्याला ही प्रगती उशिरा आली. ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बिअर करण्यास परवाना आवश्यक केला होता. ही अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी घरगुती बिअरला संघीय कायद्याने मोकळीक मिळण्यास १९७८ साल उजाडावे लागले. विद्युत् उपकरणांची परंपरा प्रथम ब्रिटनमध्ये रुजण्यास आणखी एक साधे कारण होते. ब्रिटिश घरातील सामान्य खटक्यावरून सु. ३ किवॉ. शक्ती घेता येते, तर अमेरिकेतील १२० व्होल्टच्या सामान्य जोडणीवरून फार तर १·८ किवॉ. मिळते. २५ लि. पाणी २०° से. पासून ६६° से. पर्यंत तापविण्यास पहिलीवर सु. २७ मिनिटे, तर दुसरीवर सु. ४५ मिनिटे लागतात. साहजिकच अमेरिकन हौशी मंडळी गॅसच्या शेगड्या व सहलीच्या उष्णतारोधक पेट्या यांवर विसंबली. ब्रिटनमध्ये डेव्ह लाइन यांच्या द बिग बुक ऑफ ब्रूइंग (१९७४) यासारख्या पुस्तकांतून प्लॅस्टिकच्या बादलीला किटलीचे तापन-मूलक बसविण्याची युक्ती घरोघर पोहोचली.

अशा बादलीतील नियंत्रण ओबडधोबड असे. द्विधातुपट्टीचा तापस्थापी तापमान खाली उतरल्यावर प्रवाह चालू करी व वर गेल्यावर बंद करी. प्रवाह तुटल्यावरही मूलकात साठलेली उष्णता बाहेर पडत राही व तापमान इष्ट मर्यादेपलीकडे जाई. शिवाय दाट मॅश उष्णतेचा मंद वाहक असल्याने मूलकाजवळ तो करपे आणि कडेला थंड राही. यावर उपाय म्हणून पंपाने वर्ट काढून तापवून पुन्हा धान्याच्या थरावर सोडण्याची पद्धत १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत रॉडनी मॉरिस यांनी प्रचारात आणली. काही जण वर्ट थेट मूलकावरून न नेता गरम पाण्यात बुडविलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून नेऊ लागले. त्यामुळे एंझाइमांना मूलकाचा दाह सोसावा लागत नाही.

नियंत्रणाचे गणित मात्र मद्यव्यवसायाबाहेर जन्मले. जहाजाचे सुकाणू आपोआप धरण्याच्या प्रश्नावर निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये केलेल्या विवेचनातून प्रमाण, समाकलन व अवकलन या तीन घटकांवर आधारलेला नियंत्रक स्पष्ट झाला. सध्याची चूक किती, आजवर साचलेली किती आणि ती कोणत्या वेगाने बदलत आहे, या तिन्हींचा विचार करून तो शक्ती कमीजास्त करतो. झीग्लर व निकल्स यांनी १९४२ मध्ये त्याचे स्थिरांक ठरविण्याचे व्यवहारी नियम दिले. सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यावर असे नियंत्रक हौशी माणसाच्या आवाक्यात आले. पुढे जर्मनीतील ब्राउमाइस्टर व न्यूझीलंडमधील ग्रेनफादर यांसारख्या उपकरणांत पात्र, धान्याची जाळीदार टोपली, पंप व नियंत्रक एकत्र बसविण्यात आले.

तथापि पडद्यावरचा आकडा म्हणजे मॅशचे तापमान नव्हे. संवेदक बहुधा पात्राच्या तळाशी किंवा पंपाच्या वाटेवर असतो. धान्याच्या थराच्या मध्यभागी तापमान कधी कधी दोन-तीन अंशांनी कमी भरते. धान्य फार बारीक भरडल्यास वर्ट थरातून न झिरपता कडेने वाहतो आणि नियंत्रक अचूक चालूनही मॅश बिघडतो. म्हणून अनुभवी लोक वेगळ्या तापमापकाने मध्यभागाचे तापमान तपासतात व पात्राभोवती उष्णतारोधक आवरण गुंडाळतात. घन-अवस्था रिले निकामी झाल्यास तो पुष्कळदा प्रवाह चालू ठेवूनच निकामी होतो. यासाठी स्वतंत्र मुख्य खटका, भूसंपर्कन व गळती-प्रवाह तोडणारे साधन अत्यावश्यक मानतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करण्यास मनाई आहे.