मंडळीतल्या माणसाला काय म्हणायचे?

नगर जिल्ह्यातल्या एका वस्तीत घरोघर माहिती भरताना आमच्याच एका कार्यकर्त्याने एका घरासमोर लिहिले, 'महार ख्रिश्चन'. घरातली आजी म्हणाली, "लेकरा, आम्ही मंडळीतले." तो हसला. मला ते हसू खटकले. कारण त्याला स्वतःला कोणी 'नवबौद्ध' म्हटले, की तो भांडायला उठतो.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरला आले. मराठी बायबलने चर्चसाठी शब्द घेतला तो 'मंडळी'. घरची मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी, तोच हा शब्द. (नवरे बायकोलाही 'आमची मंडळी' म्हणतात, तो भाग वेगळा.) ज्या महार-मांगांना गावच्या पंगतीत जागा नव्हती, त्यांच्यासाठी या शब्दाचे मोल किती असेल, विचार करा. सोबत 'पाळक', 'वडील', 'बंधू' हे शब्द आले. गावाने मात्र 'बाटगे', 'किरिस्ताव' हेच चालवले.

मंडळीत जात संपली का? नाही. बाबासाहेबांनी 'द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट' या लेखात नेमके हेच तपासले. धर्मांतरितांची जात चर्चमध्येही सुटत नाही आणि मिशनरी त्याविरुद्ध लढत नाहीत, हा त्यांचा आक्षेप. ती टीका चर्चच्या व्यवहारावर होती. आजीला हिणवायचा परवाना त्यातून मिळत नाही.

सरकारचे शब्द तर आणखी अजब. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आले, १९९० साली आपण बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणजे गाव त्यांना जातीनेच ओळखते आणि कायदा म्हणतो, तुम्हाला जात नाही! म्हणूनच त्यांच्यातले कार्यकर्ते स्वतःला 'दलित ख्रिस्ती' म्हणवतात. हा त्यांनी हक्कासाठी निवडलेला शब्द आहे. 'महार ख्रिश्चन' हा आपण त्यांच्या कपाळावर मारलेला शिक्का. दोन्हींत जात दिसते, पण सांगणारा कोण, यावर अर्थ बदलतो. 'नवबौद्ध' सरकारी योजनांच्या नावांत आजही आहे. ते वाचताना आपल्याला काय वाटते, हे मी वेगळे सांगायला नको.

त्या कार्यकर्त्याला मी परत पाठवले. धर्माच्या रकान्यात 'ख्रिस्ती' लिहिले. जातीचा रकाना आजीला विचारून भरला. तिने आधी विचारले, "हे कशाला पाहिजे?" आणि मग आरक्षणावर अर्धा तास बोलणे झाले.